प्रतिसाद : उकल ठाऊक असतानाही

‘गुन्हेगार कोण हे एकदा कळले की रहस्यकथा पुन्हा हातात घ्यावीशी वाटत नाही’ असे मत अनेकदा ऐकू येते, पण ते मला तितकेसे पटत नाही. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा मी अशोक जैन यांच्या मराठी अनुवादातून वाचल्या आणि जैसलमेरच्या सोन्याच्या किल्ल्याची कथा तर तीनदा वाचली. पहिल्या वाचनात माझे सारे लक्ष पाठलागावर होते. दुसऱ्या वेळी मात्र ध्यानात आले की निवेदक तोपशे जे पाहतो तेच फेलूदाही पाहतो, फक्त त्यातले नेमके काय लक्षात ठेवायचे हे फेलूदाला कळते. शिवाय रहस्यकथा लिहिणारे जटायू पहिल्यांदा याच कथेत भेटतात, आणि उंटाला पाणी कसे पुरते याविषयीची त्यांची चूक फेलूदा ज्या गांभीर्याने दुरुस्त करतो, ते वाचताना उकल ठाऊक असूनही हसू आवरत नाही.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची गोष्ट थोडी वेगळी आहे. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश तर्कापेक्षा सायकलवर आणि धिटाईवर अधिक विसंबतो. त्यामुळे काही ठिकाणी योगायोग जरा जास्तच होतात, हे मान्य करायला हवे. तरीही त्याचे ते ‘ट्टॉक्’ आले की मी अजून टाळूला जीभ लावून तसाच आवाज काढून पाहतो. (वाचनालयात हे करू नये, असे मला एकदा सांगण्यात आले आहे.)