डिझाइन शिकायला म्युझियम लायब्ररीचे स्कॅन पुरतात का?

संत्राबर्फी: आर्टवाली पोरं दिवसभर पिंटरेस्टवर काठ-बुट्टे शोधून राहिली, अन् तिथं एकाची कॉपी दुसऱ्यानं मारलेली, कुठलं कधीचं काही पत्ता नाही. त्यापेक्षा म्युझियमच्या लायब्ऱ्यांनी जुनी पुस्तकं, कॅटलॉग स्कॅन करून फुकट टाकलेत ते पाहा ना बाप्पा. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमची वॉटसन लायब्ररी आहे, ओवेन जोन्सचं 1856 चं नक्षीकामाचं पुस्तक ग्रामर ऑफ ऑर्नामेंट आहे. अन् माझं आवडतं म्हणजे लंडनच्या इंडिया म्युझियमवाल्या फोर्ब्स वॉटसनचं 1866 चं, भारतीय कापडाचे 700 खरे तुकडे 18 खंडांत चिकटवलेले! एक सेट इंग्लंडात प्रेस्टनच्या हॅरिस म्युझियमकडे आहे, फोटो नेटवर दिसतात.

करवतकाठी: ते 18 खंड काढले कायले तेही सांगा की. इकडे काय खपते ते विलायतच्या गिरण्यांना कळावं म्हणून! 20 सेट केले, त्यातले 13 तिकडेच ठेवले. अख्खी पागोटी, लुगडी कापून तुकडे केले. अन् ते पाहून आपण शिकायचं?

संत्राबर्फी: त्यांना नक्कल करायची होती म्हणूनच तर लांबी, रुंदी, वजन, गाव असं सगळं लिहून ठेवलं ना. पिंटरेस्टवर कोण देते हे?

करवतकाठी: माप मिळालं, विणकाम नाही मिळालं. आपली करवतकाठी साडी घ्या, टसरचं अंग अन् करवतीच्या दातासारखा काठ, काठाचा रंग वेगळा ठेवायला तीन धोटे (आडवा धागा नेणारे) चालवावे लागतात. हे स्कॅनमधून काय कळणार? नागपूरहून भंडारा किती दूर आहे, मोहाडी-आंधळगावला जाऊन मागाजवळ बसा ना.

सीताबर्डीकर: मागावर आजचा माल दिसतो भाऊ, दीडशे वर्षांपूर्वीचा नाही. मधल्या काळात नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडगिरणी आली (1877), गिरणीचं सूत आलं, आवडीनिवडी बदलल्या, मग जुना काठ कसा होता ते विणकराला तरी कुठून माहीत राहील? अन् सिव्हिल लाइन्सचा अजब बंगला, म्हणजे आपलं नागपूरचं म्युझियम, 1863 पासून उभा आहे, तिथं किती जण स्केचबुक घेऊन जातात? मेट दूर राहिलं.

करवतकाठी: अजब बंगल्याचं पटलं. पण काचेमागची वस्तू उलटून पाहता येत नाही, अन् कापडाची अर्धी गोष्ट तर मागच्या बाजूला असते.

संत्राबर्फी: मग त्या स्कॅनचे प्रिंट काढा अन् आंधळगावला घेऊन जा, विणकरच सांगतील कुठला काठ आज निघतो अन् कुठला नाही.

करवतकाठी: हे चालेल. फक्त फुकटात विचारू नका, त्यांची दिवसाची मजुरी बुडते.