घोडेस्वारी : उपचार की शिकवणी?

धागाकर्ता : अपंग मुलांच्या घोडेस्वारीला सरसकट ‘थेरपी’ म्हटले जाते, आणि माझा आक्षेप या शब्दालाच आहे. घोड्यावर बसलेले मूल खुलते, यात वाद नाही. परंतु खुलणे वेगळे आणि स्नायूंचा ताठरपणा उतरणे वेगळे. या विषयावरील बरेचसे अभ्यास मोजक्याच मुलांवर झालेले आहेत. शिवाय कोणाला कोणता उपचार मिळाला हे औषधाच्या चाचणीत झाकून ठेवता येते, तसे येथे शक्य नाही. आपण घोड्यावर बसलो आहोत हे कोणापासून लपणार? एवढ्या पुराव्यावर नेहमीच्या फिजिओथेरपीचा वेळ आणि पैसा तिकडे वळवणे मला पटत नाही.

प्रतिसाद १ : पुरावा तोकडा आहे, पण अगदीच नाही असे नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेरेब्रल पाल्सी (मेंदूला फार लहानपणी झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसणे) असलेल्या १५ मुलांपैकी काहींना ८ मिनिटे चालत्या घोड्यावर आणि उरलेल्यांना तेवढाच वेळ एका पिंपावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसवले होते. डाव्या-उजव्या स्नायूंचा समतोल सुधारला तो घोड्यावरच्या मुलांचा. म्हणजे नुसती बैठक पुरेशी नाही. घोड्याची संथ चाल बसणाऱ्याची कंबर मागेपुढे, डावीउजवीकडे आणि किंचित वळवत अशी हलवते, की जणू तो स्वतःच चालतो आहे. माझ्या मुलाच्या मांड्या कात्रीसारख्या आवळलेल्या असतात. घोड्यावरून उतरल्यावर त्याला विजार चढवताना झटापट करावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा तेच, हेही सांगितले पाहिजे.

धागाकर्ता : ‘पुन्हा तेच’ हाच तर माझा मुद्दा आहे. ८ मिनिटांनंतर लगेच मोजलेला फरक पुढे किती टिकतो, हे त्या अभ्यासावरून ठरत नाही.

प्रतिसाद २ : आपण दोघेही दोन गोष्टींना एकच नाव देत आहात. हिपोथेरपीत फिजिओथेरपिस्टसारखा तज्ज्ञ घोड्याची चाल साधन म्हणून वापरतो. लगाम धरायला शिकवणारा प्रशिक्षक ही निराळी बाब. तपासणी मात्र दोन्हीकडे हवीच, कारण डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके अस्थिर असतील तर घोड्यावर बसवणे धोक्याचे ठरते. मी घोड्याच्या बाजूने स्वाराच्या मांडीवर हात ठेवून चालणारी स्वयंसेवक आहे, आणि मला वेगळाच प्रश्न पडतो : अपंग माणसाच्या प्रत्येक आवडीला औषधाचे लेबल कशासाठी? डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्यांखालचे पाय निकामी झाले, घोड्यावर चढायला मदत लागे. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली सफाईने करून घेण्याच्या स्पर्धेत, रौप्यपदक मिळवले. ते पदक स्वारीचे होते, उपचारांचे नव्हे.

प्रतिसाद १ : हार्टेल आजारापूर्वीच निष्णात स्वार होत्या. माझ्या मुलाशी ती तुलना जुळत नाही.

धागाकर्ता : दुसऱ्या प्रतिसादातला भेद मला मान्य आहे. जेथे प्रशिक्षक शिकवतो तेथे पालकांच्या पावतीवर ‘उपचार’ऐवजी ‘शिकवणी’ लिहावे; माझी निम्मी तक्रार तेवढ्याने मिटेल.