एकतिसाव्या वर्षी बीपीची गोळी आणि निदान न होणारी अंगदुखी

वारजेकरीण:
माझे वय ३१ असून मी पुण्यात वारज्याला राहते आणि हिंजवडीत नोकरी करते. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझा रक्तदाब १५६/९८ निघाला. दुचाकीवरून धावतपळत पोहोचल्यामुळे वाढला असेल म्हणून पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नाही. तेव्हापासून टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू आहे. त्याच्याही आधीपासून मान, खांदे आणि पोटऱ्या सतत ठणकतात. काही दिवस तर ओला टॉवेल पिळायलाही हात धजत नाही. एक्स-रे आणि मानेचा एमआरआय यांत काहीही आढळले नाही. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली एसिक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी मी दुखेल तशी, म्हणजे जवळजवळ दिवसाआड घेते. बीपीचे डॉक्टर दुखण्याविषयी विचारत नाहीत आणि हाडांचे डॉक्टर बीपीविषयी. घरात तर ‘या वयात कसलं आलंय बीपी’ हे पालुपद चालूच असते. या दोन्ही तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो का, आणि नेमके कोणाकडे जावे?

निवृत्त वैद्य:
मी मेडिसिनचा निवृत्त डॉक्टर आहे. येथे निदान करता येणार नाही, परंतु दिशा सांगता येईल. संबंध असू शकतो, आणि त्याचा पहिला दुवा तुमच्या पर्समध्येच असावा. एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गटातील गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात आणि टेल्मिसार्टनसारख्या औषधाचा परिणामही कमी करतात. त्यात लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी जोडली गेली, तर तिन्ही मिळून मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून दोन्ही डॉक्टरांना औषधांची पूर्ण यादी दाखवा. मेडिकलमधून स्वतःहून आणलेली गोळीही तीत लिहा.

दुसरे असे की, तरुण वयात रक्तदाब वाढला की त्यामागे दुसरा आजार आहे का, हे पाहावेच लागते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी), पोटॅशियम, लघवीतील प्रथिने, थायरॉइड, मूत्रपिंडाच्या धमन्यांची डॉप्लर सोनोग्राफी, तसेच रक्तदाब सांभाळणाऱ्या अल्डोस्टेरॉन आणि रेनिन या द्रव्यांचे गुणोत्तर, यांपैकी काय आवश्यक आहे ते तपासून ठरवतात. तुमच्याबाबतीत मी आणखी एक गोष्ट आधी पाहिली असती, ती म्हणजे दोन्ही हातांतील रक्तदाब आणि मनगटावरील नाडी. ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला, मोठ्या धमन्यांना सूज आणणारा एक आजार आहे. तो दुर्मीळ असला तरी प्रामुख्याने तरुण स्त्रियांत आढळतो, आणि थकवा, हातापायांत वेदना व वाढलेला रक्तदाब हे तिन्ही त्यात एकत्र येऊ शकतात. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही; तुम्हाला तो असण्याची शक्यता कमीच आहे, पण तो तपासायला दोन मिनिटे आणि एक पट्टा पुरतो, आणि तेवढेच नेमके राहून जाते.

प्रथम एमडी मेडिसिन असलेल्या एकाच डॉक्टरांकडे दोन्ही तक्रारी मांडा आणि गरज भासल्यास पुढे संधिवाततज्ज्ञांकडे जा. खासगी खर्च जड वाटत असेल, तर ससून या सरकारी रुग्णालयातही मेडिसिनचा बाह्यरुग्ण विभाग आहे. वेळ मात्र हाताशी ठेवून जावे लागेल.

कोथरूडचा रहिवासी:
वारजेताई, माझे दुखणे बरेच दिवस असेच ‘नॉर्मल’ रिपोर्टांच्या फायलीत पडून होते. पुढे फायब्रोमायल्जिया असे निदान झाले. त्यात ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या सहसा ठीक येतात, कारण बिघाड सांध्यांत किंवा स्नायूंत दिसत नाही. वेदनेचे संदेश हाताळणारी मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते. ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात मी आता शक्ती घालवत नाही. मला झोप सुधारण्याचा सर्वाधिक उपयोग झाला. रात्री अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलीन हे वेदना आणि झोप या दोन्हींसाठी वापरले जाणारे औषध दिले गेले. ड्युलोक्सेटिन या दुसऱ्या औषधाचाही विचार झाला होता, पण त्याने काहींचा रक्तदाब वाढतो, म्हणून डॉक्टरांनी ते टाळले.

व्यायाम अगदी कमीपासून सुरू करावा. बरे वाटले त्या दिवशी सगळे घर आवरायचे आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, हे चक्र आधी मोडावे लागते. मी वेताळ टेकडीवर जातो, पण चढण अर्धवट सोडून परत फिरण्याची लाज सोडायला वेळ लागला. पुण्यात टेकडीवर मागे फिरणाऱ्याला लोक थांबवून कारण विचारतात, हीही एक व्याधीच म्हणायची.

एक वाचक:
मिठाबद्दल थोडेसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. आपल्याकडे भाजीत मीठ बेताचे घालून वर पापड, लोणचे आणि चार वाजताचा फरसाण चालू राहतो. मात्र बाजारातले कमी सोडियमचे मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असते आणि टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवते.

वारजेकरीण:
सर्वांचे मनापासून आभार. काल घरी दोन्ही हातांवर मोजले, उजव्यावर १४६ आणि डाव्यावर १४२ आले. एक गोष्ट सांगायची राहिली होती. पुढील वर्षी आम्ही बाळाचा विचार करत आहोत. त्याने काही फरक पडतो का?

निवृत्त वैद्य:
फार पडतो, आणि तो पहिल्याच भेटीत सांगा. दोन हातांतला एवढा फरक सर्वसाधारण आहे, तरी नाड्या डॉक्टरांनी स्वतः तपासलेल्या बऱ्या. टेल्मिसार्टन गर्भारपणात चालत नाही, कारण बाळाच्या मूत्रपिंडाला त्यापासून धोका असतो. मात्र ते स्वतःहून बंद करू नका. लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा यांपैकी योग्य ते औषध डॉक्टर आधीच बदलून देतील आणि रक्तदाब स्थिरावल्यावर पुढचे पाऊल टाकता येईल. वेदनेसाठी चालू असलेल्या गोळ्यांचाही फेरविचार त्याच वेळी व्हावा. तोवर सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी, पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसल्यावर रक्तदाब मोजा आणि आठवडाभराच्या नोंदी सोबत न्या. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा नको. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल, तर सध्याची मात्रा पुरेशी नाही असे समजावे.