‘भामटा’ लिहावं की नाही?

पत्रकवाली : सायबर फसवणुकीवरच्या इंग्रजी माहितीपत्रकाचं मराठी करायचं आहे. ‘फ्रॉडस्टर’ 11 वेळा येतो. सगळीकडे ‘भामटा’ घातला, तर तपासणीत शेरा आला : ‘जातिवाचक, बदला.’ ‘भामट्याने वृद्धेला गंडवले’ तर रोजच्या पेपरात असतं. यात जात कुठून आली? आणि बदलायचा तर काय घालू?

खिळे_जुळारी : शेरा बरोबर आहे. राज्याच्या विमुक्त जाती (अ) यादीत 14 नावं आहेत. बेरड, कैकाडी, रामोशी, वडार यांच्यासोबत भामटा हेही त्यातलंच. राजपूत भामटा ही निराळी नोंद. ज्या पोराच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात हा शब्द आहे, त्याने ‘भामटा जेरबंद’ कसं वाचायचं?

कोशकिडा : पण आधी शब्द की आधी जात? मला तरी ‘भ्रम’, भमणे म्हणजे भटकणे, त्यावरून भामटा, असंच वाटतं. लोकांनी विशेषण जातीला चिकटवलं, त्यात शब्दाचा काय गुन्हा? उद्या ‘बेरड’ही काढा, म्हणजे निगरगट्टाला म्हणायला शब्दच उरणार नाही.

टाकी_घाव : व्युत्पत्ती राहू द्या, एवढंच बघा. भामटा याच नोंदीखाली टकारी आणि उचले ही नावंही येतात. टकारी म्हणजे जात्याला टाकी लावणारे. हे नाव कामावरून पडलं. उचले आणि भामटा ही आरोपावरून. बातमीत ‘टकारी’ कधी दिसला का? आरोपाचे शब्द तेवढे टिकले. इंग्रजांच्या 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला आणि ‘विमुक्त’ शब्द आला. मग सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले, म्हणजे मागच्या दाराने ‘सराईत’.

कोशकिडा : ‘सराईत’ला तरी सोडा हो! सराईत म्हणजे सरावलेला. सराईत वाचक, सराईत हात असं खुशाल म्हणतात.

रात्रपाळी : म्हणतात, पण बातमीत त्याच्या मागे ‘गुन्हेगार’च येतो.

शब्द शिरतो कुठे ते सांगतो. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये असतं ‘अनोळखी इसमाने’. बातमी डेस्कवर येते, एका कॉलमात मथळा बसवायचा असतो, तिथे ‘इसम’चा ‘भामटा’ होतो. जागेची सबब मात्र खोटी आहे. भामटा तीन अक्षरं, ठग दोन, तोतया तीन. ‘फसवणूक करणारा’ नऊ, तो मथळ्यात बसत नाही हे मान्य. पारध्यांचं आणखी वाईट : चौघे पकडले की ‘पारधी टोळी’, पण इतर कुठल्या जातीचे चौघे पकडले तर जातीचं नाव येत नाही. बदनामी होईल अशा संदर्भात जात देऊ नका, हे प्रेस कौन्सिलच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेच.

शुद्धलेखनी : ‘ठग’ हिंदी. ‘ठक’ लिहा, नाहीतर ‘ठकसेन’.

कोशकिडा : ठग संस्कृत ‘स्थग’वरून, झाकणारा. आणि मराठीत कधीचा रुळलाय. ‘जेरबंद’ तरी कुठे मराठी आहे? फारसी. घोड्याने मान उडवू नये म्हणून तंगापासून तोंडाकडे जाणारा पट्टा. आरोपीला आपण रोज पट्टा बांधतो, तो घोड्याचा.

शुद्धलेखनी : मग सरळ ‘अटक’ लिहा.

खिळे_जुळारी : एक गुंता राहिलाच. ‘राजपूत भामटा’मधला ‘भामटा’ काढा अशी मागणी झाली, तेव्हा विमुक्तांच्या संघटनांनीच विरोध केला. शब्द गेला की नुसते राजपूत विमुक्त जाती (अ)च्या 3 टक्के आरक्षणात शिरतील ही भीती. दाखल्यावर राहू दे पण मथळ्यात नको, हे दोन्ही एकाच तोंडाने म्हणावं लागतं.

रात्रपाळी : @पत्रकवाली, अकराही ठिकाणी एकच शब्द लावू नका. पोलीस किंवा सीबीआय असल्याचं सांगून ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालतो तो तोतया. पैसे येतील म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावून पिन टाकायला सांगतो तो ठग. बाकी ठिकाणी कर्ता गाळा : ‘ओटीपी सांगितला की खातं रिकामं होतं.’ वाचणाऱ्याला कृती लक्षात राहायला हवी. ‘चारसोबीस’ही नको. 1 जुलै 2024 पासून, नव्या भारतीय न्याय संहितेत, फसवणुकीचं कलम 420 नाही, 318 आहे.

कोशकिडा : मग काय ‘तीनशे अठरा’ म्हणायचं? जिभेवर बसत नाही.

पत्रकवाली : तोतया आणि ठग घेतले. पण पत्रकातली एक फसवणारी बाई आहे. तोतयाचं स्त्रीलिंग काय?

शुद्धलेखनी : तोतयी.

कोशकिडा : छे! तोतया दोन्हीकडे चालतो, ‘तोतया डॉक्टर महिला’.

टाकी_घाव : ‘भामटी’ मात्र लगेच आठवली असती, नाही?