मदत हवी आहे: स्वसंरक्षणाबद्दल ऑगस्टीन आणि अक्वायनस या ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञांमध्ये एवढा फरक का?

स्वसंरक्षणावरची ज्यू आणि ख्रिस्ती मतं वाचतोय, एका ठिकाणी अडलोय. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात रात्री घर फोडणारा चोर मार लागून मेला तर दोष नाही. सूर्य उगवल्यावर मारला तर आहे. तालमूद (ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ) म्हणतं, मारायला येणाऱ्याला आधी उठून मार. पण हातपाय जायबंदी करून भागत असेल तर जीव घेऊ नको. ही अट मला फार मोलाची वाटते.

उलट 4थ्या-5व्या शतकातला ऑगस्टीन सैनिकाला शस्त्र उचलू देतो, पण सामान्य माणसाने स्वतःच्या बचावासाठी मारणं त्याला पटत नाही. 13व्या शतकात अक्वायनस मात्र ते मान्य करतो, हेतू बचावाचा आणि बळ गरजेपुरतं असेल तर. मधल्या काळात हा बदल कशामुळे झाला? रोमन कायद्यामुळे, की चर्चच्या कायदेपंडितांमुळे? कोणी अभ्यास केला असेल तर कृपया सांगा.