दुकानातल्या चोरीची क्लिप कॉलनीच्या ग्रुपवर टाकावी का?

सिडकोकर: सणासुदीला दुकानातून माल उचलण्याचे प्रकार होतात, मान्य. पण हल्ली दुकानदार सीसीटीव्हीची क्लिप सरळ कॉलनीच्या ग्रुपवर टाकतात. परवा एका आजींची फिरली, तुपाची बरणी पिशवीत टाकताना. पैसे दिले की नाही ते क्लिपमध्ये नाहीच. हे थांबवा. चोर ठरवणारे आपण कोण?

मेनरोडचा दुकानदार: ज्याचा माल गेला तो! तिघी येतात. एक साड्यांचा ढीग उपसायला लावते, दुसरी भावावरून हुज्जत घालते, तिसरीच्या पदराखाली साडी जाते. आम्ही घड्या घालेपर्यंत त्या रविवार कारंजाच्या पुढे. चौकीत गेलं की दिवस मोडतो, तोवर गल्ल्यावर कोण बसणार?

कोर्टाची पायरी: 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम 303 प्रमाणे चोरीला 3 वर्षांपर्यंत कैद. पण माल 5,000 रुपयांच्या आतला, दोषी ठरण्याची पहिलीच वेळ आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. असं प्रकरण अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. उलट तुम्ही कुणाला गोदामात कोंडलंत, तर कलम 127 दखलपात्र आहे. आणि माणूस निर्दोष निघाला तर बदनामीचा दावा वेगळा.

मेनरोडचा दुकानदार: म्हणजे चोराच्या हातात झाडू आणि मला कोठडी. झकास!

गंगापूररोडवाली: दादा, चिडू नका, पण फळीपलीकडून शेठ माल काढून द्यायचे तेव्हा एवढं कुठे जात होतं? आता सगळं उघड्यावर, चॉकलेटं तर पोराच्या हाताशी. तूप, बदाम, ब्लेड गल्ल्यामागे ठेवा, कोपऱ्यात गोल आरसा लावा.

मेनरोडचा दुकानदार: ताई, गल्ल्यामागे ठेवलं की गिऱ्हाईक समोरच्या मार्टात जातं. तिथे हात लावून बघता येतं ना!

पंचवटीकर: 2027 च्या सिंहस्थाला गर्दी लोटेल तेव्हा कुणाकुणाच्या क्लिपा टाकणार? दुकानदारांचा वेगळा ग्रुप करा, चौकीतला एक हवालदार त्यात घ्या. कॉलनीला कशाला तमाशा?

सिडकोकर: हे पटलं. टाकायचीच तर निदान चेहरा झाका.

मेनरोडचा दुकानदार: चेहरा झाकला तर ओळखायचं काय, पिशवी?