निवारा केंद्रात खाट रिकामी, तरी आजोबा पुलाखालीच. काय करावं?

रेवा

नमस्कार मंडळी. शहराचं नाव लिहीत नाही, इथे ओळखीचे बरेच आहेत. आमची महापालिका ड वर्गातली, एवढ्यावर भागवून घ्या.

आमच्या सोसायटीसमोरच्या उड्डाणपुलाखाली एक आजोबा झोपतात. सत्तरीच्या आसपासचे, मूळचे जतकडचे. आधीच सांगते, भीक मागत नाहीत. मार्केट यार्डात बारदान शिवतात. फाटक्या पोत्यांचा ढीग पुढ्यात, हातात दाभण आणि सुतळी, नगावर पैसे. सुतळीचं टोक ओठांत धरून ओलं करतात, मग दाभण डाव्या डोळ्याच्या इतकं जवळ नेतात की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. उजव्या डोळ्याने बहुतेक दिसतच नाही.

पावसात त्या पुलाखाली घोटाभर पाणी साचतं. म्हणून चौकशी केली, तर महापालिकेचं बेघर निवारा केंद्र आहे, एका जुन्या शाळेच्या इमारतीत. फोनवर म्हणाले, जागा आहे, आणा. रिक्षाने नेऊन सोडलं. खाट, गादी, संडास-बाथरूम ठीकठाक. मला बरं वाटलं. आठवडा व्हायच्या आत आजोबा परत खांबापाशी. विचारलं तर "तिथं झोप न्हाई लागत, बाई." यापुढे एक शब्द नाही.

इकडे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळंच चाललंय. "भिकाऱ्यांचा उपद्रव" असं पत्र पोलीस ठाण्याला द्यायचं म्हणतात, मसुदासुद्धा फिरतोय. आजोबांना केंद्रात थांबायला कसं तयार करायचं? आधार कार्ड पावसात गेलं म्हणतात, जवळ फक्त गावाकडचं जुनं मतदार ओळखपत्र आहे. त्यावर काही होतं का? आणि हे पत्र गेलं तर नेमकं काय होईल?

दोन_पैसे

कडू बोलतो, राग मानू नका. सोय करून दिली, त्यांना नको आहे, विषय संपला. आमच्या घरपट्टीतून केंद्रं चालवायची आणि ती रिकामी ठेवायची. माटुंग्याला पुलाखाली बाग केली, लोक सकाळी चालायला जातात. तसं काही करा म्हणावं, सगळ्यांचाच प्रश्न मिटेल.

नाईट_ड्युटी

रेवा, आजोबांना एकच विचारा. यार्डात किती वाजता पोचावं लागतं?

मी एका महापालिकेच्या निवारा केंद्रात बरीच वर्षं मॅनेजर होते. म्हणजे पालिकेची नाही, संस्थेची, कंत्राटावर. मॅनेजर हे नुसतं नाव. ढेकणांचं औषध मारण्यापासून अंत्यविधीची पावती फाडण्यापर्यंत सगळं आमच्याकडेच. त्या अनुभवावर सांगते, "झोप लागत नाही" याचा अर्थ नव्वद टक्के वेळा गादीशी संबंधित नसतो.

कांदा-बटाट्याच्या गाड्या यार्डात मध्यरात्रीपासून लागतात. पोती उतरवताना फाटतात, आणि जे फाटलं ते तिथल्या तिथे शिवून लागतं, कारण उजाडलं की सौदा. म्हणजे बारदानवाला तीन-साडेतीनला जागेवर पाहिजे. आता तुमच्या केंद्राचं गेट कधी उघडतं ते बघा. आमचं रात्री दहाला बंद, सकाळी सहाला उघडं. सहाला निघून यार्डात पोचेपर्यंत दुसऱ्याने पोती उचललेली असतात. तुम्हीच सांगा, अशा माणसाला झोप कशी लागेल? रात्रभर तो पहाटेचाच विचार करणार.

नियम म्हणाल तर कागदावर सगळं छान आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ मध्ये आलं, पुढे त्याला दीनदयाळ अंत्योदय हे नाव लागलं. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत निवारा चोवीस तास, बारा महिने हवा असं स्पष्ट आहे. लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय, माणशी किमान ५० चौरस फूट, सामानाला कपाट. आणि केंद्र कुठे असावं, तर जिथे हे लोक आधीच राहतात-कमावतात तिथे: स्टेशन, एसटी स्टँड, घाऊक बाजार. प्रत्यक्षात केंद्र जिथे पडीक इमारत सापडते तिथे होतं. आमचं कचरा डेपोच्या रस्त्याला होतं.

गेटला कुलूप का लागतं तेही ऐका. तीन पाळ्यांना तीन काळजीवाहक धरलेले असतात. एक सुट्टीवर, एक सोडून गेलेला, उरला तो एकटा. तो रात्री कुलूप लावणारच. ५० जणांच्या केंद्राला चालवण्यासाठी त्या सूचनांत वर्षाला ६ लाखांचा हिशेब होता, म्हणजे महिन्याला ५० हजार. त्यात चार माणसांचे पगार, फिनेल, बल्ब, चादरींची धुलाई. आणि तेही वेळेवर आलं तर. अभियानाची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. त्यानंतर आमचा पगार कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचा यावर फाईल जी फिरायला लागली, ती मी सोडून आले तरी फिरतच होती.

दुसरी गोष्ट दाभणाची. "टोकदार वस्तू आत नेऊ नये" असा बोर्ड आमच्याकडे होता, तुमच्याकडेही असणार. म्हणजे चप्पल शिवणाऱ्याची रापी, न्हाव्याची कात्री, गवंड्याची ओळंबा-थापी, सगळं गेटवर टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात. एकाची रापी त्या डब्यातून गेली. कुणी नेली कळलं नाही. माणूस चांगला घडी घातलेली चादर परत देऊन गेला आणि पुन्हा आला नाही. तुमच्या आजोबांचं दाभण पहिल्याच रात्री काढून घेतलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

बाकी कारणं तुम्हाला लागू नाहीत, पण दोन_पैसे यांनी वाचावीत. नवरा पुरुषांच्या केंद्रात आणि बायको बायकांच्या, मग दहा वर्षांचा मुलगा कुणाकडे? हातगाडी बाहेर ठेवली तर सकाळी असेल का? रिकाम्या खाटा मोजायच्या तर हेही मोजा.

आता करायचं काय. ज्या गाळ्यावर आजोबा शिवतात, त्या व्यापाऱ्याकडून लेटरहेडवर चार ओळी आणा: हे आमच्याकडे बारदान शिवतात, पहाटे तीनला यावं लागतं. ती केंद्राच्या मॅनेजरला द्या आणि रजिस्टरला "पहाटे ३, कामावर" अशी रोजची नोंद करायला सांगा. आमच्याकडे रेल्वे पार्सलचे दोन हमाल असेच जायचे, काळजीवाहक उठून गेट उघडायचा, कुरकुरत का होईना. मॅनेजर नाही म्हणाला तर महापालिकेच्या समाजविकास किंवा नागरी उपजीविका कक्षात समुदाय संघटक असतात, त्यांच्याकडे जा. व्यापाऱ्याने लेटरहेड दिलं नाही तर हमाल-मापाडी संघटनेची चिठ्ठीही चालते. दाभणासाठी कुलपाचा खण मागा. कुलूप तुम्ही आणून द्या, किल्ली आजोबांच्या करदोट्याला.

आणि जबरदस्ती नको. करताही येत नाही.

कोर्टकचेरी

पत्राविषयी. सोसायटीच्या सचिवांना थांबवा.

महाराष्ट्रात मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ अजून लागू आहे. त्यातली "भिक्षा" नुसती हात पसरण्यापुरती नाही. उपजीविकेचं उघड साधन नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत वावरणं की हा भिकेवर जगत असावा असं वाटेल, हेही त्या व्याख्येत बसतं. वॉरंटशिवाय ताब्यात घेता येतं, आणि न्यायालयात शाबीत झालं तर पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. मुंबईत ते चेंबूरला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याच कायद्यातली शिक्षेची कलमं रद्द केली, पण तो निर्णय दिल्लीपुरता. थोडक्यात, तुमच्या ग्रुपवरचा तो मसुदा म्हणजे एका कमावत्या म्हाताऱ्याला आत पाठवायचा अर्ज आहे. व्यापाऱ्याचं पत्र इथेही कामाला येईल, कारण "उघड साधन" त्यातच सिद्ध होतं. एक झेरॉक्स आजोबांच्या पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये.

दोन_पैसे, तुमच्या घरपट्टीबद्दल. ही पालिकेने हौसेने दिलेली सोय नाही. अन्नाच्या हक्काच्या २००१ मधल्या याचिकेत, २०१० साली दिल्लीत ऐन थंडीत रात्रनिवारा पाडल्याचं प्रकरण पुढे आलं आणि सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना निवारे उभारायला सांगितलं. २०१६ मध्ये दुसऱ्या एका याचिकेत न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली, निधी असून निवारे का नाहीत ते शोधायला. जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत झाली, तेव्हा मुंबईत सुमारे ५७ हजार निघाले. शहराची लोकसंख्या तेव्हा १ कोटी २४ लाख. लाखामागे शंभर जणांचा एक या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. किती उभे आहेत ते माहितीच्या अधिकारात विचारा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत.

दोन_पैसे

बरं. पत्राचं मला माहीत नव्हतं, भिक्षेकरी गृह म्हणजे वृद्धाश्रमासारखं काही असेल असं वाटत होतं. बागेचं मत मात्र कायम आहे.

रेवा

नाईट_ड्युटी, तुमचे पाय धरायला हवेत. आज यार्डात गेले होते. वेळेचं अगदी तसंच. दाभणाचं विचारलं तेव्हा आधी हसले, मग म्हणाले, "मागितलं व्हतं माघारी. सकाळी दिऊ म्हनले." गाळेवाले शेठ पत्र द्यायला लगेच तयार झाले, उलट विचारत होते की यांच्यासारखी शिलाई करणारा दुसरा कोण राहिलाय. बाजारात आता प्लास्टिकच्या जाळीच्या गोण्या आल्यात, ताग कमी झालाय, त्यामुळे काम तसंही घटतंय म्हणाले.

सचिवांना कोर्टकचेरी यांचा प्रतिसाद पाठवला. "बघू" म्हणाले आहेत. आधारचं मात्र अडलंय. एका सेवा केंद्रावर नव्याने काढून देतो म्हणतात.

नाईट_ड्युटी

नव्याने काढू नका! आधी एकदा निघालेलं असेल तर दुसरं नाकारलं जातं आणि त्यात महिने जातात. आधीचाच क्रमांक शोधायला सांगा. सुतळीने बोटं घासून गेलेली असतील, ठसे उमटणार नाहीत, तेव्हा डोळ्याच्या बुबुळावरून बघा म्हणावं. पत्ता बदलायचा असेल तर मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाला आधारच्या ठरावीक नमुन्यात दाखला देता येतो. हा फायदा आजोबांना नीट समजावून सांगा. खाटेपेक्षा त्या पत्त्यासाठी केंद्रात नाव टिकवून ठेवणारे आमच्याकडे बरेच होते.

आधार आणि बँक खातं झालं की तहसील कार्यालयात संजय गांधी योजना शाखा. ६५ वर्षं पूर्ण असतील तर श्रावणबाळ योजना, महिन्याला १,५०० रुपये. उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांची आहे, रहिवास किमान १५ वर्षांचा. तिथे ते जतचं मतदार ओळखपत्र सोन्यासारखं जपा, जुना रहिवास दाखवायला तेच आहे. उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र शेठच्या पत्राशी विसंगत काही लिहू नका. पत्रात कामाची वेळ असू दे, रक्कम नको.

केसपेपर

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा विभागात आहे. सगळे कागदांत अडकलात, डोळ्याचं कुणी बोललंच नाही.

मोतीबिंदू असेल तर त्याची शस्त्रक्रिया जिल्हा रुग्णालयात मोफत होते. बेघर माणूस अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. भरती करताना नर्स विचारते, "सोबत कोण आहे?" सोबत कुणी नसलं की तारीख पुढे जाते. आणि शस्त्रक्रिया झाली तरी पुढे काही आठवडे थेंब घालायचे, डोळ्यात पाणी आणि धूळ जाऊ द्यायची नाही. पुलाखाली हे होणं शक्य नाही, आणि तागाच्या धुळीत तर नाहीच. केंद्राची खरी गरज आजोबांना त्या दिवसांत आहे. नाईट_ड्युटी म्हणतात तसा मॅनेजर मिळाला तर तोच सोबती म्हणून सही करतो, आमच्याकडे चालतं.

तेव्हा रेवा, आजोबांना "केंद्रात राहा" असं सांगू नका. "डोळा होईपर्यंत तिथे टेका" असं सांगून बघा. शेठना आधी विचारून ठेवा की तेवढे दिवस गाळ्यावरची जागा दुसऱ्याला देणार नाहीत ना. पेशंट नाही म्हणतात ते बहुतेक याच भीतीने. नेत्र विभागाची ओपीडी कुठल्या वारी असते ते फोन करून विचारा, आणि बीपी-शुगर आधी जवळच्या आपला दवाखान्यात तपासून घ्या, म्हणजे ऐनवेळी शुगर जास्त म्हणून परत पाठवत नाहीत.

रेवा

शेठना आत्ताच फोन केला. म्हणाले, जागा ठेवतो, पण दिवाळीच्या आत उरका, नवा कांदा यायला लागला की मला माणूस लागेल. उद्या केंद्रात पत्र घेऊन जाते. मॅनेजर दुपारी असतात की संध्याकाळी?

नाईट_ड्युटी

संध्याकाळी सहानंतर जा, हजेरीच्या वेळी. कुलूप घेऊन जा. आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सही-तारखेसकट.